लसूण, आधी आणि नंतर

हाऊ नदीच्या काठी मोजणी दोनपासून सुरू होते.
पहिल्या मुलाला दुसरा म्हणायचं,
पहिला कोण ते कुणाच्या नजरेत भरू नये म्हणून.
त्या हिशेबाने माझी आई सातवी, म्हणजे खरं तर सहावी,
आणि तराजूवर तिचा कधीच विश्वास नव्हता.

ज्या वर्षी आमचा माल बंदरावरून परत आला
(मांसात औषधाचा अंश, कागदावर तांबडा शिक्का)
त्या वर्षी बाबांनी पिवळ्या पिशव्या खोपीत रचल्या,
वर ताडपत्री ओढली
आणि महिनाभर ते जेवणापुरतं बोलले.

तळ्यात सव्वा लाख पंगस.
मेलेला चिरला की काळजावर पांढरे ठिपके,
कुणीतरी कण्या सांडल्यासारखे.

आईने काही जाहीर केलं नाही.
पहाटे तीनला खलबत्ता वाजायला लागला, इतकंच.

लसूण. पेरूचा पाला.
बांधावरचा भुईआवळा, मुळासकट,
ज्याला आमच्या भाषेत पानाखालचा मोती म्हणतात.
चोथा फडक्यातून पिळायचा,
रस खाद्याच्या गोळ्यांवर शिंपडायचा,
वरून माशाचं तेल, हाताने, हलक्या हाताने,
नाहीतर सगळं पाण्यात धुऊन जातं.
मग सावलीत पसरायचं. उन्हात नाही.
कोंबड्या हाकलायचं काम माझं.

बाबा म्हणाले, अगं, मरू तरी दे त्यांना,
जिवंतपणीच फोडणी घालतेस?
आई म्हणाली, नंतर सगळेच घालतात.

माझ्या बोटांचा वास जाईना.
शाळेत बाकावर मी एकटी, ऐसपैस.

मग भाऊ आला कान थोहून,
कॉलेजातली बरणी घेऊन: शेवाळाची पूड,
काचेच्या नळ्यांत वाढवलेली,
इतकी हिरवी की खोटी वाटावी.
किलोला पाच ग्रॅम, तोआन म्हणाला, जास्त नको, महाग आहे.
आईने मूठ भरली.
मुठीत किती ग्रॅम मावतात, आई?
माझ्या की तुझ्या?

मी वहीत लिहायचे: आज मेले किती.
दोनशे दहा. एकशे नव्वद. दोनशे चाळीस
(त्या दिवशी आई जेवली नाही).
ऐंशी. पंचाहत्तर. तेलाचा डाग, आकडा वाचता येत नाही.
एकवीस.

कशाने? लसणाने? पाल्याने? त्या हिरव्या पुडीने?
की त्या वर्षी नदीच जरा भल्या मनाने वाहिली?
शेजारचे पाचवे काका म्हणाले, नदी.
त्यांच्याकडेही मासे कमी मेले होते, आणि त्यांनी तर
काहीच वाटलं नव्हतं, बायकोशी भांडण सोडून.

तोआन म्हणाला, असं कळायचं नाही.
पलीकडचं तळं बिनलसणाचं ठेवू, सहा महिने,
दोन्हीकडचे मेलेले मोजू, मग सांगता येईल.
आईने खलबत्ता थांबवला.
बरं, म्हणाली. कुठलं तळं ठेवायचं ते तू बोट करून दाखव.

तो बांधावर उभा राहिला.
दोन्ही तळ्यांत पाण्याला उकळी फुटल्यासारखे मासे वर आले होते,
तोंडं उघडी, एकसारखी, आमच्याकडे.
खिशातला हात त्याने बाहेर काढला नाही.

म्हणून आमच्याकडे पुरावा नाही.
खोपीतली ताडपत्री अजून तिथेच आहे;
खाली काय उरलंय, उंदरांना ठाऊक.

वर्षअखेरीला, सणाच्या आदल्या दिवशी,
आई आमच्याच तळ्यातला एक मासा चिरते.
काळीज बोटावर घेऊन खिडकीपाशी जाते,
उजेडात धरते, एकदा या बाजूने, एकदा त्या.
आम्ही विचारत नाही.
ती परत येते, पाटावर बसते,
आणि लसूण सोलायला घेते.